फोन झालेला आहे

आमच्या बसस्थानकात त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. डेपोच्या कागदपत्रांवर ते वाहतूक नियंत्रक होते, कंडक्टर-ड्रायव्हरांसाठी कंट्रोलर होते, आणि रोजच्या प्रवाशांसाठी निघालीकाका. चौकशीच्या खिडकीशी येऊन कुणीही कुठल्याही गाडीबद्दल विचारलं, की वहीतून मान वर न करता ते म्हणायचे, "निघालीय." कॉलेजची मुलं तर मुद्दाम, गाडी समोर उभी असताना येऊन विचारायची. काका चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "ती आलीय. तुम्ही निघा."

मी त्यांच्या शेजारच्या खिडकीत अकरा वर्षं बसले. माझं काम मासिक पास द्यायचं. आमच्या दोघांच्या मध्ये एक लाकडी अर्धी भिंत होती, तिच्यावरून एकमेकांना पेन, टाचण्या, वर्तमानपत्राची पुरवणी देता यायची. त्यांच्या टेबलावर आवक-जावकेची जाड वही, शिक्का, खोकल्याच्या गोळ्यांची बाटली आणि मान वाकवलेला तो मायक्रोफोन. माझ्या टेबलावर कात्री, गोंद, फोटो कापल्यावर उरलेल्या कडा आणि डेपोचा टेलिफोन. टेलिफोनबद्दल पुढे सांगायचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

माणूस कमालीचा नेटका. शर्टाची बाही कधी दुमडलेली नाही. वहीतलं अक्षर छापल्यासारखं. गाडी तीन मिनिटं उशिरा आली तर ते 'उशिरा' असं मोघम लिहायचे नाहीत, तीन मिनिटं लिहायचे. त्यामुळे वरिष्ठ तपासायला आले की आमची वही न वाचताच सही करून जायचे. काकांनी लिहिलंय म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढे जे झालं ते याच विश्वासामुळे झालं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की गाडी कुठे आहे हे तुम्हाला माहीत नसतं, तरी निघालीय कसं म्हणता? त्यांनी बाटलीतली गोळी तोंडात टाकली आणि एक जुनी हकीकत सांगितली. त्यांच्या आधीचे कंट्रोलर फार सरळ होते. एका संध्याकाळी चार गाड्या रद्द झाल्या. लोकांनी विचारलं, तर ते म्हणाले, मला माहीत नाही. अर्ध्या तासात खिडकीची काच फुटली आणि त्या माणसाच्या डोक्याला सात टाके पडले. काका तेव्हा नवीन होते, टेबलाखाली बसून राहिले म्हणून वाचले.

"माहीत नाही म्हटलं की माणूस उठतो," ते म्हणाले. "निघालीय म्हटलं की बसतो. मला त्यांना बसवून ठेवायचं असतं. गाडी तर तिच्या वेळेनेच येणार."

मला ते पटलं होतं. मी हसलेही होते. घरी काकूंचा मात्र या शब्दावर अजिबात भरवसा नव्हता. काका रोज सुटताना घरी फोन करून "निघालोय" म्हणायचे आणि काकू फाटकाची कडी वाजेपर्यंत कुकर लावायच्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात एवढी अक्कल येतेच, असं त्या आम्हाला सांगायच्या.

त्या मंगळवारी दुपारची बाराची वेळ होती. महिनाअखेर, त्यामुळे माझ्या खिडकीसमोर पासासाठी पोरांची रांग दारापर्यंत गेलेली. चार नंबरच्या फलाटावर बाकाजवळ काहीतरी गडबड झाली. आधी आवाज आला, लोखंडी काहीतरी पडल्याचा. एक माणूस बाकावरून घसरून खाली बसला होता आणि त्याची पिशवी उलटी होऊन पाने, पक्कड, नळाच्या तोट्या फरशीवर पसरल्या होत्या. नळदुरुस्तीचं काम करणारा होता. पंचेचाळीस-सेहेचाळीसचा असेल. एका हाताने त्याने छाती धरली होती आणि दुसऱ्या हाताने तो आपली हत्यारं गोळा करायला बघत होता. काचेतून मला एवढं स्पष्ट दिसलं.

बघता बघता गर्दी झाली. तीस-चाळीस माणसं सहज असतील. कुणी म्हणालं चक्कर, कुणी म्हणालं प्यायलेला दिसतो, कुणी वाकून वास घेतला आणि म्हणालं की नाही, प्यायलेला नाही. काहीजणांनी खिशातून मोबाइल काढले. ते कशासाठी काढले होते हे आता कुणालाच कळायचं नाही. दोघातिघांनी फोटो घेतले हे मी पाहिलं. बाकीचे कदाचित खरोखरच फोन करणार होते.

काका केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. केबिनला लागूनच पेपरवाल्याचा स्टॉल होता. पेपरवाला मोबाइल कानाला लावून, दुसरा हात हवेत उडवत तावातावाने बोलत होता, "लवकर पाठवा, माणसं इथे खोळंबलीत, किती वेळ झाला." काकांनी ते ऐकलं. त्यांनी मान हलवली, आत आले, खुर्चीवर बसले आणि मायक्रोफोनचं बटण दाबलं.

"फलाट क्रमांक चारवर एका प्रवाशाची तब्येत बिघडलेली आहे. फोन झालेला आहे. गाडी निघालेली आहे. कृपया कोणीही गर्दी करू नये."

तेच त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मग वही ओढली आणि लिहिलं: १२.१०, फलाट ४, प्रवासी आजारी, अँब्युलन्सला फोन झाला.

आणि गर्दी खरंच निवळली. दहा-बाराजण त्या माणसाजवळ राहिले, बाकीचे आपापल्या फलाटावर गेले. मोबाइल खिशात गेले. माझ्या रांगेतली पोरं पुन्हा सरळ उभी राहिली. मी खुर्चीतून अर्धी उठले होते, ती बसले आणि पुढचा फोटो कापायला घेतला.

जे जवळ राहिले त्यांनी काही कमी केलं असं नाही. एका आजोबांनी त्याचे बूट काढले. एका बाईने पदराने वारा घातला. कुणी त्याची हत्यारं गोळा करून पिशवीत भरली आणि पिशवी त्याच्या डोक्याखाली दिली, ती टोचायला लागली तेव्हा काढून आपली शाल दिली. तो शुद्धीवर होता. गाडी येतेय ना, असं त्याने दोनदा विचारलं. त्या बाईने दोन्ही वेळा सांगितलं, "येतेय दादा, फोन झालाय."

साडेबाराच्या सुमाराला बाहेरगावची एक गाडी लागली. तिचा ड्रायव्हर पाणी प्यायला म्हणून उतरला आणि चार नंबरवर थबकला. त्याने विचारलं, फोन केला का? सगळे म्हणाले, केला. त्याने विचारलं, कुणी केला? त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी आमच्या केबिनकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरने तेवढ्यावर न थांबता स्वतः फोन लावला. सहा मिनिटांत अँब्युलन्स आली. तोवर तो माणूस बोलायचा थांबला होता. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि तो गेल्याचं सांगितलं.

आम्ही सगळे हळहळलो. पण मनाला लागलं ते अँब्युलन्सचं. दोन किलोमीटरवरून यायला अर्धा तास? पेपरवाला म्हणाला, या लोकांना मेल्याशिवाय जाग येत नाही. मीही तेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेच छापून आलं. बसस्थानकाच्या वहीत बारा-दहाची नोंद आणि अँब्युलन्स बारा-चाळीसला. अँब्युलन्सवाल्यांचं म्हणणं होतं की त्यांना पहिला फोन बारा-चौतीसला आला. त्यावर कोण विश्वास ठेवणार? मेलेल्या माणसाच्या भावाने दवाखान्याच्या आवारातच अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला गाठून मारलं होतं. त्याचे पुढचे दोन दात पडले आणि हात मोडला. वर त्यालाच घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. आजूबाजूला चाळीसेक लोक उभे होते म्हणे तिथेही. कुणी मध्ये पडलं नाही.

गुरुवारी चौकशी समितीचं पत्र आलं. बारा-दहाचा फोन कोणत्या नंबरवरून झाला, ते कळवा. काका पत्र घेऊन पेपरवाल्याकडे गेले. त्यांना वाटलं, नंबर विचारून घ्यावा, लिहून टाकावा, झालं. मी खिडकीतच होते. ऐकू येत होतं.

पेपरवाला म्हणाला, "मी कुठे फोन केला? मी त्या दिवशी एजंटाशी भांडत होतो. पुरवण्यांचा गठ्ठा आला नव्हता, गिऱ्हाइकं खोळंबली होती."

काकांनी पत्राची घडी घातली.

"उलट माझं भांडण झाल्यावर मी लावणारच होतो," पेपरवाला म्हणाला. "तेवढ्यात तुम्हीच म्हणालात ना, फोन झालाय म्हणून."

काका परत आले. खुर्चीवर बसले. समोरून कंडक्टर येत होते, ते शिक्के मारत होते. एकाच्या कागदावर त्यांनी दोनदा शिक्का मारला. त्या अकरा वर्षांत मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. मी अर्ध्या भिंतीवरून पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलंय हे त्यांना कळलं आणि त्यांना कळलंय हे मला. मी मान खाली घालून गोंदाच्या बाटलीचं झाकण उघडत बसले. ते आधीच उघडं होतं.

संध्याकाळी ते डेपोच्या साहेबांकडे गेले. साहेब काय म्हणाले ते त्यांनी मला नंतर सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, वहीत काय लिहिलंय? फोन झाला, असं लिहिलंय. तुम्ही केला असं लिहिलंय का? नाही. मग कुणीतरी केला असेल, तुम्हाला काय माहीत. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे, आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेऊ नका. माणूस गेला तो काही परत येत नाही. झाकली मूठ ठेवा.

काकांनी मूठ झाकली. आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मीही कुणाला काही सांगितलं नाही. तोंड शिवल्यासारखं झालं होतं असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. मी व्यवस्थित बोलत होते, जेवत होते, पास देत होते. दवाखान्यात हात मोडून पडलेला तो ड्रायव्हर मला आठवायचा आणि मग मी स्वतःला सांगायची की हे काम काकांचं आहे, ते सांगतीलच. मायक्रोफोन त्यांचा होता. वही त्यांची होती. मी आपली पासवाली.

काकांच्या घोषणा त्या दिवसांत कमी कमी होत गेल्या. गाडीचा नंबर आणि फलाट, बस्स. कुणी खिडकीशी येऊन विचारलं तर ते क्षणभर त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मग म्हणायचे, विचारून सांगतो. लोक वैतागायचे. एकजण म्हणाला, निघालीकाका, आज बिघडली वाटतं गाडी. काकूंनी मला फोन करून विचारलं की ऑफिसात काही झालंय का, जेवण तसंच टाकतात आणि पहाटे उठून अंगणात फिरत बसतात. मी म्हणाले, महिनाअखेरीचं काम आहे. महिना सुरू होऊन आठवडा झाला होता.

पुढच्या गुरुवारी, साधारण अकरा वाजता, एक बाई चौकशीच्या खिडकीशी आली. तिशीची, खांद्याला कापडी पिशवी. गाडीबद्दल काही न विचारता नुसतीच उभी राहिली. मागच्यांनी कुरकुर केली तेव्हा काकांनी मान वर करून विचारलं, कुठे जायचंय?

ती म्हणाली की ती नर्स आहे. त्या मंगळवारी ड्यूटी संपवून सहा नंबरच्या फलाटावर गाडीची वाट बघत होती. चारवर काहीतरी झालंय म्हटल्यावर ती उठली होती. पाच-सहा पावलं गेलीही होती. तेवढ्यात स्पीकरवरून आवाज आला. फोन झालाय, गाडी निघालीय, गर्दी करू नका. तिला वाटलं, आता दोन-चार मिनिटांत येईल, आपण उगीच मध्ये कडमडायला नको. रात्रभर उभी होती, पाय दुखत होते. ती बसली. मग तिची गाडी लागली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

काका म्हणाले, "बाई, तुमचा काही दोष नाही."

"ते ऐकायला मी आले नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला हे येतं हो. छाती कशी दाबायची, किती वेळ दाबायची, रोज करते मी ते. नऊ दिवस झाले, मला झोप नाही. मला एवढंच सांगा, तुम्ही बोललात तेव्हा फोन खरंच झाला होता का?"

मागे रांग होती. एक बाळ रडत होतं. काकांचा हात मायक्रोफोनच्या बटणावर होता, तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

"नव्हता," ते म्हणाले.

तिने पिशवी खांद्यावर सावरली. मग मान हलवून निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला नंतर म्हणाले.

चौकशी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी होती. अँब्युलन्सवाल्यांच्या कार्यालयातली एक लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, तीन अधिकारी. वही सादर करायला म्हणून काकांना बोलावलं होतं आणि साक्षीदार म्हणून मला. डेपोचे साहेब आमच्या शेजारी बसले होते. समोरच्या बाकावर तो ड्रायव्हर, हात गळ्यात बांधलेला, तोंड मिटलेलं. मेलेल्याचा भाऊ मागे भिंतीला टेकून उभा.

अधिकाऱ्यांनी वही उघडली, नोंद वाचली आणि विचारलं, हे अक्षर तुमचंच ना?

"अक्षर माझं आहे," काका म्हणाले. "नोंद खोटी आहे. फोन झाला नव्हता. मी चौकशी न करता लिहिलं आणि चौकशी न करता लोकांना सांगितलं. ज्यांना फोन करायचा होता त्यांनी माझं ऐकून केला नाही. या ड्रायव्हरचा यात काही संबंध नाही."

डेपोच्या साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, थांबवायला. काकांनी तो हात उचलून बाजूला केला आणि पेपरवाल्याची सगळी हकीकत सांगितली. मग अधिकारी माझ्याकडे वळले. तुम्हाला हे माहीत होतं का? मी हो म्हणाले. कधीपासून? मी सांगितलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे फक्त पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्यावर पुढे काहीच कारवाई झाली नाही. ती व्हायला हवी होती असं मला पुष्कळदा वाटतं, पण आता नुसतं वाटायला काही खर्च येत नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात ड्रायव्हर भेटला. काका त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्याचे दात गेल्यामुळे त्याचं बोलणं सगळं कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

"सगळे म्हणताहेत, खरं बोलणारा माणूस आहे," तो म्हणाला. "आठ दिवस तुम्हाला माहीत होतं."

काका म्हणाले, हो. ड्रायव्हर निघून गेला. त्याला पुन्हा कामावर घेतलं, असं पुढे कळलं. दातांचं कुणी काही केलं नाही.

मग स्थानकावर जे सुरू झालं, ते मला सगळ्यांत वाईट वाटतं. काका निलंबित झाल्याची बातमी आली त्याच दिवसापासून लोकांच्या जिवात जीव आला. पेपरवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, मी नंबर लावतच होतो, यांनी अडवलं. उपाहारगृहाचा मालक सांगायचा, मी माणूस पाठवणारच होतो. ज्यांनी फोटो काढले होते तेही सांगायला लागले की फोन करायलाच मोबाइल काढला होता. महिनाभरात मला असे एकोणीस जण भेटले जे त्या दिवशी नंबर लावण्याच्या अगदी बेतात होते. एवढ्या मोठ्या स्थानकात सगळं खापर फोडायला एक डोकं मिळालं आणि प्रत्येकजण आपापल्या हाताने फोडून गेला. सापडला तो चोर म्हणतात, तसं.

मीही एका रात्री जेवताना आईला म्हणाले की मी उठले होते गं, पण घोषणा झाली म्हणून बसले. आई ताटातलं संपवत होती. म्हणाली, "तुझ्या टेबलावर फोन असतो ना?"

होता. हाताच्या अंतरावर. चोवीस मिनिटं तो माझ्या कोपराशी होता. रांग होती, घोषणा झाली होती, माणसं जवळ होती, काका होते. एवढी कारणं असली की मग हात लांब करायचं सुचत नाही. त्या रात्रीपासून मी त्या एकोणिसांना नावं ठेवणं बंद केलं.

निलंबनात असताना एका रविवारी सकाळी काका माझ्या घरी आले. म्हणाले, त्या नळवाल्याच्या घरी जायचंय, एकट्याने जायचा धीर होत नाही, याल का? काकू येते म्हणत होत्या, पण त्यांना हे बघायला लावायचं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. दाराशी त्याची ती हत्यारांची पिशवी खुंटीला टांगलेली. त्याची बायको जमिनीवर बसून मटार सोलत होती. भाऊ आतून आला आणि आम्हाला ओळखून दारात आडवा उभा राहिला. तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. आम्हाला बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मी बोललो म्हणून झालं. माझं चुकलं. पाठ करून आल्यासारखं बोलत होते, कारण पाठ केल्याशिवाय ते तोंडातून निघालं नसतं.

तिने शेंग बाजूला ठेवली.

"ते तुमचं स्पीकरवरचं," ती म्हणाली, "त्यांना ऐकू गेलं होतं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हो. मग मी तिला त्या वारा घालणाऱ्या बाईचं सांगितलं, त्याने दोनदा विचारलं होतं तेही सांगितलं.

"म्हणजे ते वाट बघत होते," ती म्हणाली.

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या माणसाने आपल्या हाताने एका निरपराध माणसाचे दात पाडले होते आणि आता खरा माणूस समोर उभा होता, तरी त्याचा हात उठत नव्हता. तिने पुन्हा शेंग उचलली, सोलली नाही, नुसती धरून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "या आता तुम्ही."

रस्त्यात काका एका दुकानाच्या पायरीवर बसले. मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत, हातात धरून बसले. म्हणाले की बसवून ठेवायचं एवढंच मला येत होतं, आयुष्यभर तेच केलं आणि त्याची बढाई मारली. खोटं समाधान करायची मला आता भीती वाटत होती.

चार महिन्यांनी त्यांना परत घेतलं, पण स्थानकावर नाही. वर्कशॉपच्या भांडारात, जिथे नटबोल्ट आणि टायर मोजून द्यायचे असतात आणि कुणालाही काही जाहीर सांगायचं नसतं. आमच्याकडे नवीन कंट्रोलर आला. चांगला मुलगा आहे, सारखा मोबाइलमध्ये असतो. भिंतीवर अँब्युलन्सचा नंबर मोठ्या अक्षरात रंगवला गेला. त्याच्यासमोर लोक सामान ठेवतात, त्यामुळे शेवटचा आकडा दिसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोन नंबरच्या फलाटावर एक मध्यमवयीन बाई कोसळली, झटके यायला लागले. पुन्हा तशीच गर्दी, तसेच मोबाइल. या वेळी मी रांग सोडून बाहेर पळाले. काकांनी मला भांडारात एकदा सांगितलं होतं की गर्दीला काही सांगू नका, गर्दी कुणीच नसते. एक माणूस पकडा, त्याला सांगा आणि तो बोलतोय ते कानाने ऐका. मी एका हिरव्या शर्टवाल्याला बोटाने दाखवून म्हणाले, तुम्ही लावा फोन, माझ्यासमोर लावा. तो चिडला. म्हणाला, मीच का? पण लावला. स्थानकाचं नाव सांगताना त्याचा आवाज कापत होता. गाडी आली, बाई वाचली. हिरवा शर्टवाला जाताना माझ्याकडे रागाने बघून गेला, म्हणजे असं मला वाटलं. कदाचित घाबरला असेल.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून भांडारात गेले. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते लाकडी खोक्यातले बोल्ट दहा-दहाच्या ढिगात लावत होते. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी हात थांबवला.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण ते तुमचं. ते त्या नळवाल्याच्या हिशेबात आणून ठेवू नका."

मी बरं म्हणाले. भांडारात एकच खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः टायरवर बसले. काकूंच्या गुडघ्यांचं विचारलं, त्यांनी सांगितलं. आईचं विचारलं, मी सांगितलं. मग मेकॅनिक काहीतरी मागायला आला, ते उठून आत शोधायला गेले, आणि मी माझ्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.